कुत्र्याच्या गळ्यातला गोचीड-पट्टा : घालावा का? कितपत सुरक्षित?

मृणाल_रामबाग
१२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इंदूरचे असा वा बाहेरचे, ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी जरूर लिहा.

आमची चिक्की चार वर्षांची. आई गल्लीतली, बाप बहुधा मागच्या कॉलनीतला लॅब. गेल्या श्रावणात तिला गोचीड ताप झाला. दोन दिवस जेवली नाही, आम्हाला वाटलं पावसाने सुस्तावली असेल. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला वाकली आणि नाकातून रक्ताचे थेंब भांड्यात पडले. प्लेटलेट्स ३८,००० निघाल्या. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन, दर आठवड्याला रक्ततपासणी, तेव्हा कुठे ती शेपूट हलवायला लागली. ते दिवस पुन्हा नकोत.

यंदा पाऊस लागला आणि काल तिच्या कानामागे पहिली गोचीड सापडली. राखाडी, टम्म, रात्रभर भिजवलेल्या सोयाबीनच्या दाण्याएवढी. दुकानदाराने गळ्यात घालायचा औषधी पट्टा दाखवला. म्हणाला, घाला आणि आठ महिने विसरा. पण माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. दिवसातून पन्नास वेळा चिक्कीच्या गळ्यात पडतो आणि तेच हात तोंडात घालतो. शिवाय सासूबाईंची मनी आहे, ती चिक्कीला चाटत बसते. पट्ट्यांमुळे कुत्री मेल्याचंही वाचलं. घालू की नको? आणि घातला तर खरंच उपयोग होतो का?

---

संजू_सुदामानगर

बिनधास्त घाला. आमचा शेरू तिसऱ्या वर्षी घालतोय. आधी रोज संध्याकाळी चिमटा घेऊन बसायचो, आता आठवड्यातून एखादी दिसते, तीही मेलेली.

---

बडोद्याची_वैदेही

मृणाल, माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे बीगल आहे, नाव लाडू. आमच्या घरकामाच्या बेन गोचिडीला इतरडी म्हणतात आणि त्यांना ती लाडूच्या अंगावर माझ्याआधी दिसते! पहिला पट्टा घातला तेव्हा तिसऱ्या दिवशी तो पाय वर करून मान खाजवायला लागला. पट्टा सरकवून बघितला तर खाली बोटभर रुंद लाल पट्टा, दोन ठिकाणी केस गेलेले, कातडी ओलसर. लगेच काढला. डॉक्टरांनी मलम दिलं, दहा दिवसांत सुकलं, केस यायला दिवाळी उजाडली.

चूक अशी झाली होती की मी पट्टा घट्ट आवळला होता. सैल राहिला तर औषध लागणार नाही असं मनात होतं. त्यात वरून फिरायला न्यायचा नेहमीचा पट्टा, तोही ओला. पुढच्या वर्षी डॉक्टरांसमोर तोच पट्टा पुन्हा घातला, दोन बोटं आत जातील इतका सैल. फिरायला नेताना आता छातीचा पट्टा वापरतो. काही झालं नाही. पण पहिला आठवडा मी रोज मान उघडून बघत होते, आणि तू घातलास तर तूही बघ.

---

ग्वाल्हेरचे_आबा

आमच्या लष्करच्या वाड्यात आजोबांच्या काळापासून कुत्री आहेत. कुणी पट्टे घातले नाहीत. खोबरेल तेलात कापूर आणि हळद घालून चोळायचं, आठवड्याला कडुलिंबाच्या पाल्याची अंघोळ आणि पोळीत लसणाची पाकळी. रसायन गळ्यात बांधून आठ महिने ठेवायचं हे मनाला पटत नाही. लहान मूल असताना तर नाहीच.

---

देवेंद्र_पुणे

मृणाल यांनी जे वाचलंय ते बहुधा सेरेस्टो नावाच्या गोचीड-पट्ट्याबद्दल असावं. मीही घालायच्या आधी ते सगळं वाचून काढलं होतं.

अमेरिकेत हा पट्टा २०१२ मध्ये आला. मार्च २०२१ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी सरकारी नोंदी बाहेर काढल्या. ७५,००० च्या वर तक्रारी, त्यात १,७०० च्या आसपास प्राण्यांचे मृत्यू. मोठा गदारोळ झाला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि जुलै २०२३ मध्ये निर्णय दिला : पट्टा बाजारात राहील, पण परवाना पाच वर्षांपुरता, वेष्टनावर जास्तीच्या सूचना आणि दुष्परिणामांची नीट नोंद कंपनीने द्यायची. पुष्कळ मृत्यूंच्या नोंदींत पट्ट्यामुळेच झालं असं म्हणण्याइतकी माहितीच नव्हती. काही प्रकरणांत मात्र पट्टा कुठेतरी अडकून गळा आवळला गेला होता, म्हणून ओढ बसली की सुटेल अशा कडीकडे लक्ष द्यायला सांगितलं. खाज, सुस्ती, थरथर यांपैकी काहीही दिसलं तर पट्टा लगेच काढायचा, कारण काढल्यावर पुष्कळदा उतार पडतो.

७५,००० हा आकडा मोठा आहे हे खरं, पण विकले गेलेले पट्टे कोटींच्या घरात होते. म्हणून 'बंदी आली' असं जे फिरतं ते चूक, आणि 'काहीच होत नाही' हेही चूक.

---

अनघा_पलासिया

गंभीर चर्चेत एक गंमत सांगते. आमच्या भाजीवाल्याने फाटकातून ओरडून सांगितलं, "माताजी, इसको किलनी हो गई है." किलनी म्हणजे हिंदीत गोचीड, पण आजी सकाळभर किल्ली शोधत होत्या. शेवटी गोदरेजच्या कपाटाखाली टॉर्च मारून बसल्या!

मृणाल, तुझ्या बाळाला आणि चिक्कीला खूप प्रेम.

---

महूचा_पशुवैद्य

उशिरा लिहितोय. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, १९५५ सालापासूनचं कॉलेज आहे ते, आणि सरकारी नोकरी माळव्यातच केली. आता निवृत्त आहे. चिक्कीला न तपासता औषध सांगणार नाही, पण पट्ट्याचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी बोलणं सोपं जाईल.

'गोचीड-पट्टा' हे एकच औषध नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा. काहींत इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असतं, सेरेस्टोत हेच आहे. काहींत डेल्टामेथ्रिन, काहींत प्रोपॉक्सर, काहींत अमिट्राझ. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. प्रोपॉक्सर हे कार्बामेट नावाच्या गटातलं कीटकनाशक आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये ते असलेले पाळीव प्राण्यांचे पट्टे बंद करण्याचा समझोता झाला, आणि कारण होतं घरातली लहान मुलं. आपल्याकडे ते घटक असलेले पट्टे मिळतात. मृणालताई, तुमच्या घरासाठी ही ओळ महत्त्वाची. अमिट्राझचा पट्टा कुत्र्याने चावून गिळला तर उलट्या, गुंगी, नाडी मंद होणं असं होतं, आणि ते रक्तातली साखर वाढवतं. मधुमेही कुत्र्याला आणि मधुमेही मालकाच्या घरात मी ते देत नसे.

आबा, राग मानू नका. कडुलिंबाच्या अंघोळीला माझी हरकत नाही, फक्त तेवढ्याने गोचीड थांबत नाही. कापूर मात्र कुत्र्याने चाटला तर विषारी. आणि लसूण बिलकुल नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. बबेसिया हा गोचिडीचाच आजार, त्यातही तांबड्या पेशीच फुटतात. ज्या कुत्र्याचं रक्त आधीच कमी झालंय त्याला लसूण देणं म्हणजे दुखण्यात भर घालणं.

---

ग्वाल्हेरचे_आबा

राग कसला डॉक्टरसाहेब. लसणाचं मला खरंच माहीत नव्हतं. आमची राणी गेली तेव्हा तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. आम्ही म्हातारपण समजलो. आज तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिलो. लसूण आजपासून बंद.

---

महूचा_पशुवैद्य

आबा, ते लसणानेच झालं असं नाही. गोचीड तापातही हिरड्या तशाच होतात, आणि तेव्हा रक्त तपासायची सोय गावोगाव कुठे होती. तुम्ही राणीला जपलंत, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं.

---

आर्यन_बारावी

डॉक्टर काका, पट्टा गळ्यात असतो, मग शेपटीजवळची गोचीड कशी मरते?

---

महूचा_पशुवैद्य

छान विचारलंस. कातडीवर नैसर्गिक तेलकट थर असतो. पट्ट्यातून औषध थोडं थोडं झिरपतं आणि त्या थरातून अंगभर पसरतं, तेलाचा थेंब कागदावर पसरतो तसं. म्हणून पट्टा कातडीला लागायला हवा. केसाळ कुत्र्याच्या केसांवर तरंगत राहिला तर उपयोग नाही. याच कारणाने दर रविवारी शांपू लावला तर तो थर धुतला जातो आणि आठ महिन्यांची मुदत आठ महिने राहत नाही.

आणखी एक. पट्टा घालायच्या आधी अंगाला चिकटलेल्या गोचिड्या चिमट्याने काढून घ्या. कातडीलगत धरायचं आणि सरळ वर ओढायचं. पिळायचं नाही, काडी पेटवून लावायची नाही, रॉकेल नाही, तूप नाही. निघालेली गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. आपल्याकडची ही तपकिरी गोचीड माणसालाही ताप देऊ शकते, टिक टायफस म्हणतात. पट्टा चढवल्यावर पहिले दोन दिवस जिवंत गोचिड्या दिसतील, घाबरू नका.

---

रोहन_विजयनगर

माझा पैशाचा आणि मनस्तापाचा अनुभव. ऑनलाइन निम्म्याहून कमी किमतीत मिळाला म्हणून दोन पट्टे मागवले. डबा हुबेहूब, आत पट्टाही करड्या रंगाचा. महिनाभर गोचिड्या येतच होत्या. मी म्हटलं, पाऊस फार आहे. मग एक दिवस सिंबाची मान खाजवताना बोटाला टणक लागलं. बघतो तर गोचीड त्या पट्ट्यावरच बसलेली, पाय हलवत, ऐटीत.

डॉक्टरांनी डबा बघितला. बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही, आतली माहितीपत्रिका नाही. नकली होता. त्या काळात सिंबाला ताप आला नाही हे नशीब. तेव्हापासून औषध दवाखान्यातूनच घेतो, बिल घेऊन.

---

संजू_सुदामानगर

रोहन, हे वाचून शेरूचा डबा शोधला. बॅच नंबर आहे. हुश्श.

---

नेहा_मनोरमागंज

मी गोळीवाली. आमच्या जर्मन शेफर्डला तीन महिन्यांतून एकदा चघळायची गोळी देते. पट्टा नाही, वास नाही, मुलांनी कितीही मिठी मारावी. मृणाल, तुझ्या घरी बाळ आणि मांजर दोन्ही आहेत, तर मला गोळीच बरी वाटते. महाग वाटते, पण गेल्या वर्षी रक्ततपासण्यांवर किती गेले ते आठव.

---

कौस्तुभ_नागपूर

नेहाताई, गोळीही सरसकट सुचवू नका. आमच्या कॅस्परला फिट्स येतात. ही गोळी दिल्यावर आठवड्याच्या आत दोन झटके आले. गोळीनेच आले हे मी सिद्ध करू शकत नाही, पण या गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सप्टेंबर २०१८ मध्ये थरथर, तोल जाणं आणि झटके येण्याची सूचना दिली होती, हे मला नंतर कळलं. गोळी देणाऱ्याने 'आधी कधी फिट आली होती का' एवढं विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. प्रश्नच आला नाही. त्या रात्री मी त्याचं डोकं मांडीवर धरून फरशीवर बसलो होतो. तो थांबला तेव्हा पहाट झाली होती.

---

नेहा_मनोरमागंज

कौस्तुभदादा, वाचून वाईट वाटलं. कॅस्पर आता कसा आहे?

---

कौस्तुभ_नागपूर

बरा आहे. फ्लुमेथ्रिनवाला पट्टा घालतो, तोही डॉक्टरांशी बोलून. सोफ्यावर पसरलाय आत्ता.

---

महूचा_पशुवैद्य

कौस्तुभ यांनी लिहिलं ते फार मोलाचं आहे. बहुतेक कुत्र्यांना गोळी चांगली चालते, पण फिट्सचा इतिहास असेल तर आधी सांगायलाच हवा. दोन्हींत कामाचाही फरक आहे. गोळी रक्तात जाते, म्हणजे गोचीड चावल्यावर मरते. फ्लुमेथ्रिनसारखं औषध गोचिडीला बऱ्याचदा चावायच्या आधीच हटवतं. एर्लिकिया, म्हणजे गोचीड तापाचा जंतू, गोचीड चावल्यावर काही तासांतच अंगात जाऊ शकतो, त्यामुळे ज्याला एकदा हा ताप होऊन गेलाय त्याच्या बाबतीत हा फरक डॉक्टरांपुढे मांडा. आणि मनाने पट्टा अधिक गोळी अधिक फवारा असं तिहेरी करू नका. 'जास्त म्हणजे चांगलं' या हिशेबाने विषबाधा झालेली कुत्री मी टेबलावर घेतली आहेत. एकाला तर गाई-म्हशींवर मारायचं औषध अंदाजाने पाण्यात घालून चोळलं होतं.

मनीबद्दल : मांजरीला परमेथ्रिन फार घातक. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत ते असतं. ते घातलेल्या कुत्र्याला मांजर चाटली किंवा अंगाला अंग घासून झोपली तरी तिला झटके येऊ शकतात. कुत्र्याचा पट्टा मांजरीला कधीच घालू नका. तिच्यासाठी वेगळा मिळतो, तोही विचारून.

---

सुहास_लोकमान्यनगर

मी गल्लीतल्या अकरा कुत्र्यांना जेवण घालतो. आमच्याकडे खंडोबा कुळदैवत, चंपाषष्ठीचा नैवेद्य कुत्र्यापुढे गेल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. ही जनावरं देवाची आहेत असं आई म्हणायची, त्यातून ही सवय लागली.

माझा प्रश्न वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने सहा जणांना पट्टे घातले. पाच ठीक होते. सहावी पिल्लू होती, पाच महिन्यांची, तांबूस रंगाची, गौरी. पट्टा घालताना दोन बोटं आत जात होती. पुढे ती दुसऱ्या गल्लीत राहायला गेली आणि दोन महिने दिसली नाही. परत आली तेव्हा मान वाढली होती आणि पट्टा तेवढाच राहिला होता. कातडीत रुतला होता. डॉक्टरांनी भूल देऊन काढला, टाके घातले. वाचली. आजही मी गेलो की सगळ्यात आधी धावत येते.

रस्त्यावरच्या वाढत्या पिल्लाला पट्टा घालू नका हो, कुणीच. रोज हात लावून बघता येणार असेल तरच घाला. आता मी मोठ्यांना डॉक्टरांकडून गोळी आणून पोळीत देतो. सगळ्यांना परवडत नाही, वर्गणी काढतो.

---

वर्षा_तिलकनगर

सुहासकाका, पुढच्या वर्गणीत मला धरा. आमच्या गल्लीतही चार आहेत. संध्याकाळी निरोप पाठवते.

---

अनघा_पलासिया

मीपण.

---

निखिल_पुण्यातला_इंदूरकर

धागा वाचता वाचता घरच्या पोह्यांची आठवण आली, म्हणजे मी इंदूरचाच हे सिद्ध झालं. आमच्या रामबागेच्या जुन्या घरात बाबांनी वर्षभर कुत्र्यावर सगळे उपाय केले. पट्टा, गोळी, अंघोळ. गोचिड्या हटेनात. शेवटी रंगकामासाठी खोली रिकामी केली तेव्हा कळलं. दत्ताच्या तसबिरीच्या मागे, भिंत आणि लाकडी चौकटीच्या फटीत, अंड्यांचा पुंजका. काकवीत भिजवलेली खसखस दिसेल तसा, तपकिरी, चकचकीत. आई रोज तिथे उदबत्ती लावायची. कुणाच्या ध्यानीमनी नाही.

मृणालताई, चिक्कीइतकंच घर बघा. ही गोचीड भिंतीवर चढते. स्विचबोर्डच्या मागे बघा, पलंगाच्या लाकडात, दाराच्या चौकटीत, कॅलेंडरच्या मागे बघा.

---

महूचा_पशुवैद्य

निखिलने नेमकं बोट ठेवलं. हे मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. या गोचिडीचं आयुष्य तीन जेवणांत होतं आणि प्रत्येक जेवणानंतर ती कुत्रा सोडून खाली पडते. कुत्र्याच्या अंगावर जेवढ्या दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षभराहूनही जास्त जगू शकते. 'कुत्रा गावाला नेला, घर महिनाभर बंद ठेवलं, आता संपल्या' हा हिशेब म्हणून चुकतो. फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. व्हॅक्यूम असेल तर कोपरे ओढून घ्या आणि पिशवी लगेच घराबाहेर. अंथरूण कडक गरम पाण्यात. फवारणी करायची तर बाळ, मांजर आणि चिक्की, तिघांना बाहेर ठेवून, जाणकाराकडून, आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच परत.

---

संजू_सुदामानगर

मी पहिल्यांदा 'बिनधास्त घाला' लिहिलं होतं, ते मागे घेतो. बाळ आणि मांजर आहे हे वाचूनही मी नीट वाचलं नव्हतं. शेरू अंगणात राहतो, आमच्या घरी लहान मूल नाही. दोन घरांत फरक आहे.

---

बडोद्याची_वैदेही

मृणाल, मग काय ठरलं? तीन आठवडे झाले, तुझा पत्ता नाही. चिक्की बरी आहे ना?

---

मृणाल_रामबाग
४ ऑगस्ट, रात्री ११.१५

चिक्की छान आहे! उशीर झाला, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी कागदावर उतरवून डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते हसले नाहीत, चष्मा लावून सगळं वाचलं.

आधी रक्त तपासलं. प्लेटलेट्स २,४०,०००. घरी येऊन मी रडले, ते असो. चिक्कीला कधी फिट आलेली नाही, म्हणून सध्या गोळी. पट्टा नको असं ते म्हणाले नाहीत. बाळ तीन-चार वर्षांचं होईपर्यंत थांबू, मग बघू, असं ठरलं. पट्टा घालणाऱ्या कुत्र्याने लहान मुलाच्या अंथरुणात झोपू नये, आणि आमची दुपार तर तिघांची एकाच चटईवर जाते. मनी, चिक्की आणि बाळ. त्या तिघांना वेगळं झोपवणं माझ्याच्याने होणार नाही.

मग घर. निखिल, तुझं वाचून यांनी रविवारी स्क्रूड्रायव्हर घेतला. दिवाणखान्यातल्या स्विचबोर्डची पट्टी काढली तर मागे सात. पाळण्याच्या कडीजवळच्या फटीत तीन. पाळणा, मंडळी! तिथे माझा मुलगा झोपतो. दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. यांनी पुट्टी भरली, सासूबाईंनी मनीला घेऊन आत्याकडे मुक्काम केला, मी अंथरुणं उकळली. चिक्कीच्या अंगावर पहिल्या दिवशी चौदा मिळाल्या होत्या. या आठवड्यात एक, तीही वाळलेली.

आबा, कडुलिंबाची अंघोळ चालू ठेवली आहे. तिला आवडते. डोळे मिटून उभी राहते.

एक शेवटचं विचारते. दुकानदाराच्या आग्रहाने मी धागा काढायच्या आदल्या दिवशीच एक पट्टा घेऊन ठेवला होता. पाकीट फोडलंय, परत घेत नाही. तो कुणाला देऊ का टाकू? आणि टाकायचा तर कुठे? यांचं म्हणणं ओल्या-सुक्यात कुठेही टाक.

---

सुहास_लोकमान्यनगर

मला देऊ नका, फुटलेलं पाकीट आहे आणि माझ्या सगळ्यांना आता गोळीच चालू आहे.

---

महूचा_पशुवैद्य

२,४०,००० वाचून बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासा.

पट्टा ओल्या-सुक्यात नको. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना घातक. नाल्यात, तळ्यात जाता कामा नये. ज्यांची कुत्री पट्टा घालून पिपल्यापाल्याला किंवा सिरपूरच्या पाण्यात उड्या मारतात त्यांनीही हे ध्यानात ठेवावं. पाकिटातून काढू नका, पाकिटासकट कागदात गुंडाळा, चिकटपट्टी लावा. आपल्या कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे असतात, त्यात घरातल्या घातक कचऱ्याचा वेगळा आहे, मुदत संपलेल्या औषधांचा. त्यात टाका आणि गाडीवरच्या दादांना आत काय आहे ते सांगा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

---

मृणाल_रामबाग

उद्या सकाळी गाडी साडेसातला येते. गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'कीटकनाशक' लिहून दारामागच्या खुंटीला टांगून ठेवलाय, बाळाचा हात पोचणार नाही इतका वर.